फॉर्म ‘घेईना’ झाला तर: शेतकरी नोंदणीत दरवर्षी येणाऱ्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

मृग लागला की माझा फोन वाजायला लागतो. लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या नोंदणीचं वेब ॲप मी सांभाळतो. औसा, निलंगा, अहमदपूर, चाकूर या तालुक्यांतल्या गावकेंद्रांवरून ऑपरेटर शेतकऱ्यांची माहिती भरतात: नाव, मोबाइल, बँक खातं, गट क्रमांक, क्षेत्र, सोयाबीनचं वाण. पलीकडून येणारं वाक्य दरवर्षी तेच असतं. "सर, तिसऱ्या खेपेला भरायले, तरी घेईना. काका सकाळपासून बसलेत."

पडद्यावर एकच लाल ओळ असायची: ‘कृपया योग्य माहिती भरा.’

तीन खरीप हंगाम मी एकच करत आलो. फोन आला की डेटाबेस उघडायचा, ती एक नोंद हाताने टाकायची आणि पुढच्या कामाला लागायचं. त्या काकांचं काम व्हायचं, पण दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या काकांना तीच लाल ओळ दिसायची. चौथ्या वर्षी मुळाशी जायचं ठरवलं. जे सापडलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर मराठी फॉर्म चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे भेटणार आहे.

आधी नाकारलेलं नोंदवून ठेवा

सुरुवातीला मी ऑपरेटरलाच विचारायचो, "नेमकं काय टाकलं होतं?" ती सांगायची, "मोबाइल नंबरच टाकलाय की सर, दहा आकडे मोजून." ती खरंच सांगत होती. पण फोनवर वाचून दाखवलेला आकडा आणि सर्व्हरपर्यंत पोचलेला आकडा वेगळा असू शकतो, आणि तो फरक कानाला कळत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती फॉर्ममध्ये केलीच नाही. एक वेगळं टेबल केलं. नोंद अडली की केंद्र, वेळ, कुठला रकाना, कुठल्या नियमाने अडवला आणि रकान्यात काय आलं होतं, हे त्यात जाऊ लागलं. मोबाइल आणि बँक खात्याचे खरे आकडे तिथे ठेवायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. प्रत्येक आकड्याच्या जागी ‘मराठी आकडा’, ‘इंग्रजी आकडा’, ‘मोकळी जागा’, ‘इतर चिन्ह’ एवढीच खूण जाते, आणि पंधरा दिवसांनी तीही पुसली जाते. दुरुस्तीला तेवढं पुरतं. लोकांची खाजगी माहिती चुकांच्या यादीत पडून राहणं मला पटत नाही.

आठवडाभरात दिसलं की अडलेल्या बहुतेक नोंदींत माणसाने बरोबर तेच लिहिलं होतं. ते मराठीत लिहिलं होतं आणि फॉर्मला तेवढी मराठी येत नव्हती.

आकडे दोन प्रकारचे असतात

मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की नावापाठोपाठ नंबरही मराठी आकड्यांत उमटतो. माणसाला ‘५’ आणि ‘5’ एकच. संगणकाला मात्र ही दोन वेगळी चिन्हं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे आणि देवनागरी शून्याचा २४०६. तिथून नऊपर्यंत दोन्ही रांगा समांतर जातात.

गोंधळ पुढे वाढतो, कारण वेगवेगळी साधनं ‘आकडा म्हणजे काय’ याचं वेगवेगळं उत्तर देतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या नियमातली, ‘कुठलाही आकडा’ ही खूण फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखते. म्हणून आमचा फॉर्म ब्राउझरमध्येच अडायचा. पायथन या दुसऱ्या भाषेत मजकुरावर चालवलेली हीच खूण देवनागरी आकडेही मान्य करते. तिथे तपासणी पार होते, पण डेटाबेसमध्ये मराठी आकड्यांतला नंबर जाऊन बसतो आणि पुढे एसएमएस पाठवताना अडतो. पीएचपीची गोष्ट सगळ्यात घातक. ‘३’ या मजकुराचं पूर्णांकात रूपांतर करायला सांगितलं तर ती मुकाट्याने शून्य देते. काही काळ ब्राउझरमधली तपासणी बंद होती, तेव्हाच्या कित्येक नोंदींत क्षेत्र शून्य पडलं होतं. त्या का आल्या हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

उपाय साधा आहे. सर्व्हरवर आलेल्या आकड्यांच्या रकान्यातल्या देवनागरी अंकांच्या जागी आधी इंग्रजी अंक ठेवा. दहा जोड्यांचा तक्ता पुरतो. मग रिकाम्या जागा आणि आडव्या रेघा काढा, कारण लोक नंबर पाच-पाचच्या गटात लिहितात. पुढे ‘+९१’ किंवा शून्य असेल तर तेही काढा. हे सगळं झाल्यावर तपासा: दहा अंक, पहिला ६ ते ९ मधला. क्रम महत्त्वाचा आहे. आमच्याकडे तपासणी आधी आणि साफसफाई नंतर होती, त्यामुळे साफसफाईपर्यंत नोंद कधी पोचतच नव्हती.

ब्राउझरमध्येही हेच रूपांतर ठेवा, म्हणजे टाइप करतानाच आकडा बदललेला दिसतो आणि ऑपरेटर गोंधळत नाही. पण ते सोयीपुरतं. ब्राउझरमधली तपासणी कुणीही बंद करू शकतं, आणि जुन्या मोबाइलवर जावास्क्रिप्ट अर्धवट लोड होऊन ती आपोआपही बंद पडते. खरी तपासणी सर्व्हरवरच हवी.

‘शरद’ जातो, ‘शिंदे’ अडतो

नावाच्या रकान्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं.

नियम होता ‘फक्त अक्षरं चालतील’, आणि तो ‘अ ते ह’ असा लिहिला होता. तपासताना ज्याने कुणी तपासलं त्याने ‘शरद’, ‘कमल’, ‘अमर’ अशी नावं टाकली असणार, कारण ती आरामात जातात. ‘शिंदे’ जात नाही. वेलांटी, अनुस्वार आणि मात्रा या युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, अक्षरांना जोडली जाणारी चिन्हं आहेत. ‘अ ते ह’ या रांगेत काना नाही, मात्रा नाही, हलन्त नाही. म्हणजे जोडाक्षरसुद्धा नाही. थोडं शिकलेला प्रोग्रामर इथे ‘कुठल्याही भाषेतलं अक्षर’ अशी युनिकोडची खूण वापरतो आणि तरीही ‘शिंदे’ अडतोच. अक्षरांबरोबर ‘जोडचिन्हं’ हा वेगळा वर्गही परवानगीत घ्यावा लागतो. पायथनमध्ये ‘हा मजकूर फक्त अक्षरांचा आहे का’ असं ‘शिंदे’साठी विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं, ते याच कारणाने.

त्याच्या पुढची अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, ज्याचा क्रमांक ८२०५. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण अक्षराला अक्षर लावून पाहिलं तर संगणकासाठी ती दोन वेगळी आडनावं. ‘ॲड.’मधला ‘ॲ’ही तसाच. एक अखंड चिन्ह आहे, क्रमांक २४१८, आणि दुसरा प्रकार म्हणजे ‘अ’वर वेगळी चंद्राकार खूण. एकच शेतकरी दोन केंद्रांवर गेला तर दोन नोंदी, आणि शोधताना एक सापडते, दुसरी नाही.

मी आधी समजलो की युनिकोडचं प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते चालवलं की झालं. काही अंशी होतं. ‘र’खाली नुक्ता देऊन बनवलेला ‘ऱ’ आणि अखंड ‘ऱ’ यांना ते एक करतं. पण जोडक वापरून लिहिलेला अर्धा र आणि दोन तुकड्यांतला ‘अॅ’ त्याच्या कक्षेतच येत नाहीत. त्यांच्यासाठी आपणच नियम लिहावा लागतो. आता आमच्याकडे नावाचे दोन रकाने आहेत. एकात शेतकऱ्याने लिहिलं तसंच नाव, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यात शोधण्यासाठीचं रूप. त्यासाठी पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शन या जोडसंचातून एनएफसी, मग ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’, मग ‘ॲ’चं एक रूप, मग उरलेले अदृश्य जोडक काढणं, शेवटी जास्तीच्या मोकळ्या जागा कमी करणं. जोडक आधी काढलात तर ‘कुऱ्हाडे’तला अर्धा र रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर चढतो. हा क्रम चुकवून एक संध्याकाळ गेली, म्हणून मुद्दाम सांगतो.

लांबीचाही घोळ होता. ‘ज्ञानेश्वर’ वाचणाऱ्याला चार अक्षरं वाटतात. युनिकोडमध्ये ती दहा चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीस बाइट. लांबी मोजणारं पीएचपीतलं स्ट्रलेन हे फंक्शन बाइट मोजतं. आमची मर्यादा पन्नासची होती, म्हणजे मराठीत फक्त सोळा चिन्हं. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव त्यात मावणं शक्यच नव्हतं. एमबी-स्ट्रलेन चिन्हं मोजतं आणि मायएसक्यूएलचा व्हारचार हा मजकुराचा रकानाही चिन्हंच मोजतो, त्यामुळे ही जोडी जुळते. रकाना दीडशेचा केला.

पण चिन्हांच्या पलीकडेही काही होतं. फॉर्म नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन रकाने मागायचा, तिन्ही सक्तीचे. मराठवाड्यात हे चालत नाही. नांदेड, उदगीर, परभणीकडे ‘शेख अमुक शेख तमुक’ अशीच नावं लिहिली जातात. त्यांत शेख पहिलं येतं आणि दोनदा येतं. आडनावाच्या रकान्यात काय भरायचं हे ऑपरेटरने दरवेळी वेगळं ठरवलं, आणि बँकेच्या पासबुकाशी नाव जुळेना. सातबाऱ्यावर नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अल्पवयीनाचा पालक) किंवा ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असतं, आणि टिंबं चालणार नाहीत म्हणून फॉर्म ते फेकून द्यायचा. ती टिंबं कायदेशीर नात्याची खूण आहेत. ती काढली तर जमीन कुणाच्या नावे आहे हेच बदलतं.

आता नावाचा एकच रकाना आहे, ‘पासबुकावर आहे तसं नाव’. नियम एवढेच: रिकामं नको, दीडशे चिन्हांपेक्षा जास्त नको, नियंत्रण चिन्हं (टॅब, नवी ओळ वगैरे) नकोत. कुणाचं नाव कसं असावं हे ठरवण्याचा अधिकार फॉर्मला नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

‘ही नोंद आधीच आहे’

हा दुसऱ्या क्रमांकाचा फोन. माणूस पहिल्यांदाच आलेला असतो आणि फॉर्म म्हणतो, तुमची नोंद झालेली आहे. याची आमच्याकडे तीन वेगळी कारणं निघाली.

पहिलं, मोबाइलचा रकाना डेटाबेसमध्ये साध्या पूर्णांकाचा होता. मायएसक्यूएलच्या त्या प्रकारात सर्वात मोठी संख्या २१४७४८३६४७ मावते. भारतातले मोबाइल क्रमांक ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे एकही त्यात बसत नाही. कडक मोड, म्हणजे न बसणारी माहिती नाकारण्याची सेटिंग, चालू असता तर चूक दाखवून नोंद अडली असती. मायएसक्यूएल ५.७ पासून तो मुळातच चालू असतो. पण जुना प्रकल्प नव्या सर्व्हरवर आणताना त्रास नको म्हणून कुणीतरी तो बंद केला होता. मग काय होतं? डेटाबेस एक इशारा देतो, जो कुणी वाचत नाही, आणि प्रत्येकाच्या नावापुढे २१४७४८३६४७ हाच मोबाइल लिहू पाहतो. रकान्यावर ‘एक नंबर एकदाच’ असा नियम होता, त्यामुळे पहिला शेतकरी गेला आणि त्याच्यानंतरचा प्रत्येकजण ‘आधीच नोंदलेला’ ठरला. तुमच्या टेबलात ही संख्या शोधून पाहा. सापडली तर निदान तिथेच झालं. मोबाइल, बँक खातं, पिन कोड हे दिसायला आकडे असले तरी त्यांची बेरीज कुणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच साठवा. खात्याच्या सुरुवातीचं शून्यही तेव्हाच टिकतं.

दुसरं कारण घराघरातलं आहे. एका घरात वडील, दोन भाऊ आणि आई असे चार खातेदार, आणि फोन एकच, तोही मुलाकडे. मोबाइल एकमेव असावा हा नियमच चुकीचा होता. एका गटात अनेक खातेदार असतात आणि एका खातेदाराचे अनेक गट असतात, म्हणून गट क्रमांकही एकटा चालत नाही. आता एकमेवपणाचा निर्देशांक, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा न घेण्याची डेटाबेसमधली अट, शेतकरी, गावाचा कोड, गट व हिस्सा आणि हंगाम या चौघांवर मिळून आहे. तुमच्या कामात ‘एकच’ म्हणजे नेमकं काय, हे तलाठी कार्यालयातल्या कागदांत किंवा काम करणाऱ्या माणसांच्या बोलण्यात सापडतं. टेबल आखण्याआधी त्यांना विचारा.

तिसरं, रिकामी जागा. ज्यांच्याकडे पॅन नाही त्यांचा रकाना रिकामा मजकूर म्हणून साठायचा, आणि दोन रिकामे मजकूर एकसारखेच. तिथे ‘नल’, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ ही खूण, साठवलं की प्रश्न सुटतो, कारण मायएसक्यूएलच्या एकमेव निर्देशांकात कितीही नल चालतात.

उलट बाजूही होती: नोंद खरोखर दोनदा पडणं. रेंज कमी असली की ‘जतन करा’वर दोन-तीनदा बोट पडतं. प्रोग्राम आधी ‘आहे का’ विचारायचा आणि मग नोंद करायचा. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघांनाही ‘नाही’ असं उत्तर मिळतं आणि दोन्ही नोंदी पडतात. बटण निष्क्रिय करणं इथे पुरत नाही. प्रत्येक उघडलेल्या फॉर्मला एक खूण द्या, ती नोंदीबरोबर साठवा आणि तिच्यावर एकमेव निर्देशांक ठेवा. दुसरी विनंती आली की डेटाबेस १०६२ क्रमांकाची चूक देतो. ती खुणेच्या निर्देशांकावरून आली असेल तर ऑपरेटरला चूक म्हणून दाखवू नका. आधी झालेली नोंदच उघडून द्या.

तीन एकर वीस गुंठे

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त नुकसान केलं तिच्याकडे येतो. ती कुठल्याही तपासणीत अडत नव्हती.

क्षेत्राच्या रकान्यात ३.२० आलं. दशांश संख्या आहे, शून्याहून मोठी आहे, मर्यादेत आहे. पार. फॉर्मने ती ३.२० हेक्टर धरली. शेतकऱ्याने सांगितलं होतं तीन एकर वीस गुंठे. एका एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर, म्हणजे जेमतेम १ हेक्टर ४२ आर. सोयाबीनचं बियाणं हेक्टरी ७५ किलो धरतात. फॉर्मच्या हिशेबाने २४० किलो, तीस किलोच्या आठ पिशव्या. लागत होत्या साडेतीन. अशा नोंदींची बेरीज करून बियाण्याची मागणी गेली तर काय होतं ते सांगायला नको. काही गावांत पिशव्या पडून राहिल्या आणि काही गावांत लोक रिकाम्या हाताने परतले.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, तोंडी व्यवहार एकर-गुंठ्यात होतो, आणि दोन्हींत मधलं टिंब दशांशाचं नसतं, दोन मापं वेगळी करायचं असतं. ‘२.५’ लिहिणाऱ्याला अडीच एकर म्हणायचं आहे की दोन एकर पाच गुंठे, हे त्या संख्येकडे कितीही बघून कळत नाही. इथे नियम कडक करून काहीच मिळत नाही, विचारावंच लागतं.

आम्ही टिंबाला जागाच ठेवली नाही. आधी ‘सातबाऱ्याप्रमाणे’ की ‘एकर-गुंठ्यात’ हे निवडायचं. मग दोन स्वतंत्र रकाने. आर ९९ पर्यंत, गुंठे ३९ पर्यंत. भरलं की खाली मोठ्या अक्षरांत दुसऱ्या मापातलं उत्तर उमटतं: ‘३ एकर २० गुंठे, म्हणजे सुमारे १ हेक्टर ४२ आर. बरोबर आहे का?’ ऑपरेटर ते वाचून दाखवते आणि शेतकरी मान हलवतो किंवा म्हणतो, "नाय नाय ताई, तेवढं कुठलं." डेटाबेसमध्ये एकच पूर्णांक जातो, चौरस मीटरमध्ये, या उदाहरणात १४१६४. मूळ माप आणि मूळ आकडे शेजारच्या रकान्यांत राहतात, म्हणजे उद्या वाद झाला तर माणसाने काय सांगितलं होतं ते दिसतं.

वरच्या मर्यादेसाठी आम्ही कमाल जमीन धारणा कायद्यातली कोरडवाहूची ५४ एकर ही मर्यादा घेतली, पण अडवण्यासाठी नाही. त्याहून जास्त आलं तर फॉर्म ‘पुन्हा एकदा पाहा’ एवढंच म्हणतो आणि नोंद घेतो. अडवणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोडमध्येही मी त्यांच्या दोन वेगळ्या टोपल्या केल्या आहेत.

बाकीच्या, थोडक्यात

गट क्रमांक ‘१२/३’ किंवा ‘११८/२/अ’ असा असतो, त्यामुळे संख्येचा रकाना चालत नाही. एक्सेलमधून आयात करत असाल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर १२/३ ची तारीख होते. पंधरापेक्षा जास्त आकड्यांचं खातं असेल तर शेवटचे आकडे शून्य होतात, आणि ते नंतर परत मिळवता येत नाहीत.

बँकेच्या शाखेचा कोड, म्हणजे आयएफएससी, अकरा चिन्हांचा असतो: चार अक्षरं, मग शून्य, मग शाखेची सहा चिन्हं. पाचव्या जागी लोक शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाकतात. तिथे दुसरं काही असूच शकत नाही, म्हणून फॉर्मनेच तो बदलावा आणि बदललेला दाखवावा. पुढच्या सहा जागांत मात्र असं परस्पर करू नका.

जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली: उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. आमच्या टेबलात नावच साठवलेलं होतं आणि यादी नवी झाली. लातूरला लागून धाराशिवची गावं असल्याने तिथले बरेच सभासद. त्यांच्या जुन्या नोंदीत साधा मोबाइल बदलायला गेलं तरी ‘योग्य जिल्हा निवडा’ म्हणून नोंद अडायची. नाव साठवू नका, कोड साठवा. आणि बदल न झालेल्या रकान्याची पुन्हा तपासणी करून माणसाला अडवू नका.

सोयाबीनच्या वाणाचं नाव हाताने लिहायला देऊ नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ७१ आमच्याकडे इतक्या प्रकारांनी लिहिलेलं सापडलं की मोजणीच होईना. यादी द्या, आणि शेवटी ‘इतर’ ठेवा.

एक गंभीर. गोदामाच्या मापाच्या रकान्यात कुणीतरी ३०'×२०' लिहिलं, फुटाच्या खुणेसकट, आणि पान कोसळलं. मजकूर थेट डेटाबेसला आज्ञा देणाऱ्या एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवला जात होता. फुटाच्या खुणेने वाक्य मध्येच तुटलं. निरागस मापाने जे पान कोसळतं, तेच पान वाईट हेतूच्या माणसाला सगळं टेबल देऊन टाकू शकतं. उपाय म्हणून खुणा गाळू नका, फूट लिहिण्याचा लोकांना अधिकार आहे. आज्ञेचं वाक्य आणि लोकांनी भरलेला मजकूर वेगवेगळे पाठवणाऱ्या प्रिपेअर्ड स्टेटमेंट सगळीकडे वापरा. त्या संध्याकाळी मी बाकी सगळं थांबवून प्रत्येक क्वेरी बदलली.

शेवटचं दार डेटाबेसचं

फॉर्म हा डेटा आत येण्याचा एकच रस्ता नसतो. एक्सेलची आयात असते, मोबाइल ॲप असतं, आणि मी तीन वर्षं हाताने टाकत होतो तसं कुणीतरी थेट टेबलातही टाकत असतं. म्हणून कडक मोड चालू करा, सक्तीच्या रकान्यांवर ‘नॉट नल’ लावा, एकमेव निर्देशांक आणि परकी कळ (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधणारी अट) लावा, क्षेत्र शून्याहून जास्त असल्याची ‘चेक’ अट लावा. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेकची अट वाचतात आणि सोडून देतात, चूकही दाखवत नाहीत. आमच्या टेबलावर अशी अट लिहिलेली होती आणि आम्ही तिच्या भरवशावर होतो. आवृत्ती तपासा, आणि मुद्दाम एक चुकीची नोंद टाकून ती अडते का ते पाहा.

टेबल आणि डेटाबेसशी होणारी जोडणी, दोन्हींचा चिन्हसंच यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा. मायएसक्यूएलच्या जुन्या तीन बाइटी यूटीएफ-८ मध्ये मराठी मावते, पण कुणी शेऱ्यात हात जोडल्याची इमोजी टाकली की नोंद अडते. आमच्याकडे ती बरेचजण टाकतात.

नियम लावण्याआधी जुना डेटा नीट करावा लागतो, नाहीतर अटच लागत नाही. पूर्ण बॅकअप घ्या, नवा रकाना जोडा, दुरुस्त रूप तिथे लिहा, मूळ रकाना हंगाम संपेपर्यंत पुसू नका. २१४७४८३६४७ झालेले किंवा त्यापायी नोंदलेच न गेलेले मोबाइल कुठल्याही प्रोग्रामने परत येत नाहीत. त्यासाठी केंद्रांना गावनिहाय याद्या पाठवल्या आणि ऑपरेटरनी घरोघर विचारून नंबर भरले. ते काम त्यांनी ऐन पेरणीत केलं, याची मला जाणीव आहे.

आणि ती लाल ओळ काढली. आता संदेश रकान्याखालीच येतो, काय आलं आणि काय हवं ते सांगतो: ‘मोबाइल नंबरात ९ आकडे आले आहेत, १० हवेत.’ सगळ्या चुका एकदम दिसतात, एक सुधारली की दुसरी असं होत नाही. भरलेलं काहीही पुसलं जात नाही. लाइट गेली किंवा सत्र संपलं तरी अर्धा फॉर्म मसुदा म्हणून सर्व्हरवर राहतो. खेड्यातल्या केंद्रावर तीस रकाने पुन्हा भरायला लावणं म्हणजे त्या माणसाची एसटी चुकवणं.

नवी आवृत्ती चढवण्याआधी मी आता एक ठरलेली यादी हाताने भरून पाहतो. दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर, टिंबांसकट ए.कु.मॅ., शेखने सुरू होणारं नाव, मराठी आकड्यांतला मोबाइल, शून्याने सुरू होणारं खातं, गट ११८/२/अ, तीन एकर वीस गुंठे, ३०'×२०', आणि ‘जतन करा’वर लागोपाठ तीनदा बोट. ही यादी निलंग्याच्या केंद्रावरच्या ऑपरेटर ताईंनी भिंतीवर लावली आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी तिच्यात स्वतःहून एक ओळ वाढवली: मयत खातेदाराचे वारस. त्यासाठी फॉर्ममध्ये अजून रकाना नाही. सध्या त्यावरच काम चालू आहे.